निकोटिन अंगात किती काळ राहतं? तंबाखू सोडल्यानंतरच्या साडेपाच दिवसांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. बारा वर्षं दिवसाला आठ-दहा वेळा चुना मळून तंबाखू खाल्ली. शेवटची चिमूट शनिवारी रात्री. शुक्रवारी सकाळी वास्कोला जहाजाच्या नोकरीची मेडिकल आहे आणि त्यात लघवीतून निकोटिन तपासणार आहेत. दोस्तमंडळी सांगतात, पाणी ढोस, लिंबू-कोकम घे, मैदानावर पळून घाम काढ. तलफ मारायला २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम रोज सात-आठ वेळा चालू आहे. शिवाय घरचे दोन प्रश्न: वडील विडी ओढतात आणि दम्यासाठी थिओफायलिन घेतात, त्यांनी सोडली तर काही बघावं लागेल का, आणि वहिनी मशेरी लावते व पाच महिन्यांच्या बाळाला अंगावर पाजते, त्याचं काय.

गमचं आधी सांगतो, कारण खरा घोळ तिथेच आहे. गम चालू असताना तुमची तपासणी शुक्रवारी ‘निकोटिन आढळलं’ अशीच येणार. पाणी प्या, पळा, काहीही करा. किटला गममधलं निकोटिन आणि तंबाखूतलं निकोटिन यांत फरक कळत नाही. पण म्हणून गम फेकून देऊ नका, त्यावर वेगळा मार्ग आहे. तो समजायला हे द्रव्य अंगात कुठून शिरतं, कुठे जाऊन बसतं आणि कोण मोडतं, हे एकदा नीट बघू.

तंबाखूच्या पानात निकोटिन आम्लांशी जोडलेल्या क्षारांच्या रूपात असतं. या रूपातल्या रेणूवर विद्युतभार असतो, आणि भार असलेला रेणू तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सहज पार होत नाही. भार उतरला की मात्र तो तेलासारखा सरकतो. किती रेणूंचा भार उतरलेला असेल हे ठरतं सामूवर, म्हणजे पीएचवर. निकोटिनसाठी मधला आकडा ८ आहे: सामू ८ असेल तर निम्मे रेणू मोकळे, ७ ला साधारण ९ टक्के, ६ ला जेमतेम १ टक्का, आणि ९ ला ९१ टक्के. लाळेचा सामू साडेसहा-सातच्या आसपास असतो. त्यामुळे नुसती तंबाखू गालात धरली तर निकोटिन हळूहळू, थोडंच शिरतं. तळहातावर नखभर चुना घेऊन अंगठ्याने मळलं की मिश्रणाचा सामू ८-९ च्या वर जातो. मळताना नाकाला झिणझिणतं ते याचमुळे. मोकळं झालेलं निकोटिन हवेत उडतं. आपल्याकडच्या लोकांनी रसायनशास्त्र न शिकता शोधलेली ही युक्ती सिगारेट कंपन्यांच्या प्रयोगशाळांना लाजवेल अशीच आहे. दुर्दैवाने ती युक्ती हिरड्या आणि गालाचं आतलं अस्तर पोळवतेही.

सिगारेटचं गणित वेगळं. तिचा धूर किंचित आम्लधर्मी असतो, म्हणून नुसता तोंडात धरला तर फार काही मिळत नाही. तो छातीत ओढावा लागतो. फुप्फुसाच्या आतला पृष्ठभाग ७० चौरस मीटरच्या पुढे आणि तिथल्या द्रवाचा सामू ७.४, त्यामुळे निकोटिन झटक्यात रक्तात जातं आणि १० ते २० सेकंदांत मेंदूला भिडतं. एका सिगारेटीत १० ते १४ मिलिग्रॅम निकोटिन भरलेलं असतं, पण अंगात जातं १ ते दीड मिलिग्रॅम. बाकीचं जळतं, हवेत जातं, थोटकात राहतं. चुन्याच्या तंबाखूत तो झटका नाही. पातळी अर्ध्या तासात चढते, तिथेच बराच वेळ रेंगाळते आणि चिमूट थुंकल्यावरही लगेच उतरत नाही, कारण गालाच्या पेशींत साठलेलं निकोटिन रक्तात झिरपत राहतं. एका चिमटीतून मिळणारं एकूण निकोटिन सिगारेटीच्या दुप्पट भरू शकतं. ‘मी ओढत नाही, नुसती खातो’ म्हणणाऱ्याच्या रक्तातला आकडा बघितला की ते ‘नुसती’ गळून पडतं.

रस गिळला तर काय होतं? जठर प्रचंड आम्लधर्मी, सामू १-२. तिथे निकोटिनचा प्रत्येक रेणू भार घेऊन बसतो आणि शोषण जवळजवळ थांबतं. पुढे लहान आतड्यात ते चांगलं शोषलं जातं, पण आतड्यातलं रक्त आधी यकृतातून जातं आणि यकृत पहिल्या फेरीतच बरंचसं मोडून टाकतं. गिळलेल्या निकोटिनपैकी २० ते ४५ टक्केच पुढे अंगात पोचतं. म्हणून गिळणाऱ्याला किक कमी आणि उचक्या, मळमळ, जळजळ जास्त. गम चुकीच्या पद्धतीने चावणाऱ्यांची तक्रार नेमकी हीच असते.

रक्तात आल्यावर निकोटिन प्रथिनांना फारसं चिकटत नाही, ५ टक्क्यांहूनही कमी. त्यामुळे ते मोकळं फिरतं आणि रक्त जिथे भरपूर जातं तिथे आधी पोचतं: मेंदू, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं, प्लीहा. स्नायूंत साधारण रक्ताइतकंच. चरबीत सगळ्यात कमी. ‘चरबीत तंबाखू साठते, वजन उतरव म्हणजे निघेल’ हा सल्ला गांजाच्या बाबतीत थोडाफार खरा आहे, निकोटिनच्या बाबतीत नाही. पूर्ण पसरल्यावर निकोटिनने व्यापलेला आकार शरीराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे २.६ लिटर मोजला जातो. ६० किलोच्या माणसात दीडशे लिटरच्या वर. माणसात एवढं पाणी नसतं, हे उघड आहे. त्याचा अर्थ एवढाच की रक्तात दिसतं त्यापेक्षा ऊतींत बरंच जास्त बसलेलं असतं.

ज्या ठिकाणचा सामू रक्तापेक्षा कमी तिथे आणखी एक गंमत होते. भार नसलेला रेणू आत शिरतो, आत गेल्यावर भार घेतो आणि अडकतो. उंदराच्या पिंजऱ्यासारखं. जठररसात निकोटिन रक्ताच्या साठपट, लाळेत अकरापटीच्या आसपास आणि आईच्या दुधात जवळजवळ तिप्पट सापडतं ते यामुळेच. दुधाचा मुद्दा वहिनीच्या प्रश्नात पुन्हा येईल.

मेंदूत निकोटिन ज्या ग्राहींना (पेशींवरच्या खाचांना) चिकटतं त्यांतले निम्मे सिगारेटीच्या एक-दोन झुरक्यांत भरतात. रोजच्या माऱ्याने मेंदू या ग्राहींची संख्या वाढवतो, आणि पातळी उतरली की वाढलेले ग्राही रिकामे बसून बोंब मारतात. तीच तलफ. तंबाखू थांबवल्यावर दोन-चार तासांत ती सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. दुपारी हुमण-भात (माशाची आमटी-भात) चेपून जेवल्यावर तलफ हटकून का येते याला सवयीइतकंच शरीराचंही कारण आहे. जेवणानंतर यकृताकडे जाणारं रक्त सुमारे ३० टक्क्यांनी वाढतं, त्यासरशी निकोटिन मोडण्याचा वेग ४० टक्क्यांनी चढतो, आणि पातळी घसरते. गमची एक खेप जेवणानंतरच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवा.

आता यकृत. निकोटिनचं ७० ते ८० टक्के रूपांतर कोटिनिन नावाच्या पदार्थात होतं. काम दोन पायऱ्यांत चालतं. सीवायपी-२-ए-६ नावाचं एन्झाइम निकोटिनच्या पाच कोनी कड्याला हात घालून एक चंचल मधला आयन बनवतं, आणि आल्डिहाइड ऑक्सिडेज नावाचं दुसरं एन्झाइम त्याचं कोटिनिन करतं. थोडं निकोटिन ऑक्साइड बनून जातं, थोडं ग्लुकुरोनिक आम्लाला जोडलं जातं, आणि लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं फक्त ५ ते १० टक्के. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, दोस्तांच्या सल्ल्याची हवा तिथेच निघते. कोटिनिन पुढे त्याच सीवायपी-२-ए-६ कडून हायड्रॉक्सिकोटिनिन होतं, आणि लघवीत सगळ्यात मोठा वाटा याचाच असतो, ३३ ते ४० टक्के.

वेगाचा फरक मात्र जमीन-अस्मानाचा. मिनिटाला साधारण १२०० मिलिलिटर रक्तातलं निकोटिन साफ होतं. कोटिनिन फक्त ४५ मिलिलिटरमधलं. त्यामुळे निकोटिनचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उतरायला लागणारा वेळ, दोन तास आणि कोटिनिनचं सरासरी १६ तास. शनिवारी रात्री दहाला रक्तात निकोटिन २५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर रविवारी सकाळी सहाला ते दीडवर आलेलं असतं. झोपून उठल्याबरोबर हात डबीकडे जातो तो या रिकाम्या रात्रीमुळे. ऊतींतून झिरपणाऱ्या अंशाचं शेपूट आणखी काही काळ चालतं, पण निकोटिन म्हणाल तर एक-दोन दिवसांत विषय संपला.

प्रयोगशाळा म्हणूनच निकोटिनच्या मागे लागत नाही, कोटिनिन मोजते. ते सावकाश चढतं, सावकाश उतरतं, आणि दिवसभर जवळपास एकाच पातळीवर राहतं. रक्तातल्या कोटिनिनच्या आकड्याला ०.०८ ने गुणलं की रोज अंगात जाणाऱ्या निकोटिनचे मिलिग्रॅम ढोबळमानाने मिळतात. रक्तात ३०० असेल तर दिवसाला २४ मिलिग्रॅम. उलटंही चालतं: २ मिलिग्रॅमच्या एका गममधून साधारण १ मिलिग्रॅम अंगात जातं, आठ गमचे आठ, म्हणजे रक्तात कोटिनिन शंभरच्या आसपास. लघवीत ते रक्ताच्या कित्येक पट गोळा होतं. लघवीच्या झटपट किटची मर्यादा बहुधा २०० नॅनोग्रॅमची असते, काही ठिकाणी ५० चीही. गम घेणारा तिच्या वर असतो, यात शंका नको.

गम नसतं तर? समजा शनिवारी रात्री लघवीत २००० होतं. पहिले काही तास ते उतरतच नाही, कारण अंगातलं उरलेलं निकोटिन अजून कोटिनिन बनत असतं. मग दर १६ तासांनी निम्मं: १०००, ५००, २५०, १२५, ६२, ३१. सुरुवातीचे ते तास धरले तर २०० च्या खाली यायला अडीच दिवस, ५० च्या खाली यायला जवळपास चार. शुक्रवार सकाळपर्यंत तुमच्या हातात सुमारे १३० तास आहेत, म्हणजे सरासरी माणूस आरामात सुटला असता. पण सरासरी माणूस हा कागदावरच असतो. ज्याचं कोटिनिनचं अर्धायुष्य ३० तासांचं आहे त्याला २०० च्या खाली यायला चार दिवसांहून अधिक आणि ५० च्या खाली यायला जवळजवळ सात दिवस लागतात. तो शुक्रवारी ५० च्या किटवर अडकेल, तेही साडेपाच दिवस प्रामाणिकपणे काहीही न खाता.

हा फरक मुख्यतः सीवायपी-२-ए-६ च्या जनुकाचा. काहींमध्ये हे एन्झाइम मंद, काहींत जवळजवळ नाहीच. त्याशिवाय बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा जलद चालतं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत आणखी जलद, गरोदरपणी सगळ्यात जलद: निकोटिन मोडण्याचा वेग तेव्हा ६० टक्क्यांनी वाढतो. पासष्टीनंतर तो साधारण पाव हिश्श्याने घटतो. क्षयावरच्या रिफॅम्पिसिनने वाढतो, मेंथॉलने थोडा कमी होतो. किडनी निकामी असेल तर सगळंच रेंगाळतं. आपला वेग कळायला हायड्रॉक्सिकोटिनिन भागिले कोटिनिन हे गुणोत्तर मोजतात. त्याचा उपयोगही आहे: २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नेहमीच्या वेगाने मोडणाऱ्यांना पॅचपेक्षा (निकोटिनच्या चिकटपट्टीपेक्षा) व्हॅरेनिक्लिन ही तंबाखू सोडवणारी गोळी जास्त लागू पडली, तर सावकाश मोडणाऱ्यांत दोन्हींचा गुण सारखाच आला आणि व्हॅरेनिक्लिनचा त्रास मात्र जास्त झाला. ही तपासणी रोजच्या व्यवहारात सर्रास होत नाही. पॅच लावूनही तलफ जागच्या जागी असेल, तर ‘तुमची इच्छाशक्ती कमी पडते’ म्हणण्याआधी ‘तुमचं यकृत चपळ असेल’ असा विचार मात्र नक्की करावा.

आता दोस्तांचा सल्ला. पाण्याने लघवी पातळ होते, त्यामुळे प्रत्येक मिलिलिटरमधला आकडा खाली दिसतो, पण अंगातलं कोटिनिन तेवढंच राहतं. प्रयोगशाळा सोबत क्रिएटिनिन (स्नायूंतून लघवीत उतरणारा नेहमीचा टाकाऊ पदार्थ) मोजते. ते डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली आलं की नमुना पातळ ठरतो आणि पुन्हा बोलावतात. लिंबू-कोकमाची गोष्ट जास्त मजेदार, कारण तिच्यात अर्धं सत्य आहे. लघवी आम्लधर्मी झाली की निकोटिन मूत्रपिंडातच भार घेऊन अडकतं आणि जास्त प्रमाणात बाहेर पडतं. प्रयोगात हा फरक कितीतरी पटींचा दिसलेला आहे. पण एक, सरबताने लघवीचा सामू तितका खाली येत नाही. लिंबाचं आम्ल तर शरीरात जळून उलट लघवी किंचित अल्कलीकडे झुकवतं. दोन, सोमवारनंतर काढायला निकोटिन उरलेलंच नाही. उरलंय ते कोटिनिन, आणि त्याच्यावर लघवीच्या सामूचा फारसा परिणाम होत नाही. घामातून निघतं ते नावापुरतं. गोव्याच्या दमट उकाड्यात घाम काढायला मैदानावर जायचीही गरज नाही, बसल्या जागी निघतो. त्याने कोणाचं कोटिनिन उतरलेलं नाही.

बटाटा, टोमॅटो, वांगं यांत निकोटिन असतं म्हणून भाजीवर ढकलायचा मोहही काहींना होतो. वांग्यात ग्रॅममागे सुमारे १०० नॅनोग्रॅम असतं. आगशीची दहा किलो वांगी एका बैठकीत खाल्ली तर १ मिलिग्रॅम, तेही बहुतेक यकृत मोडणार. सबब चालणार नाही. तसंच दुसऱ्याच्या धुराचं. त्याने रक्तात कोटिनिन येतं, पण बहुधा १० नॅनोग्रॅमच्या आतच.

मग शुक्रवारचं काय करायचं? नोंदणीच्या फॉर्मवर खरं लिहा: तंबाखू अमुक तारखेला सोडली, निकोटिन गम चालू आहे, मात्रा अमुक. डॉक्टरकडून त्या मजकुराची चिठ्ठी घेऊन जा आणि नमुना देण्यापूर्वी दाखवा, नंतर दाखवलेली सारवासारव वाटते. आणि अॅनाबेसिनची तपासणी होऊ शकते का ते विचारा. अॅनाबेसिन हे तंबाखूच्या पानातलं दुसरं अल्कलॉइड, निकोटिनचंच भावंड. औषधी गममध्ये आणि पॅचमध्ये ते नसतं. कोटिनिन आहे पण लघवीत अॅनाबेसिन २ नॅनोग्रॅमच्या खाली आहे, याचा अर्थ गम चालू, तंबाखू बंद. ही तपासणी साध्या किटवर होत नाही, नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो, म्हणून गुरुवारीच फोन करून ठेवा. फुंकून घ्यायच्या कार्बन मोनॉक्साइडच्या यंत्रावर तुमचा आकडा पूर्वीही स्वच्छच आला असता, कारण खाणाऱ्याच्या अंगात धूर जातच नाही. ते यंत्र फक्त ओढणाऱ्यांना पकडतं, आणि त्यांनाही एखाद्या दिवसापुरतंच. केस तपासत असतील तर गोष्ट वेगळी: केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि तेवढ्या महिन्यांची नोंद आत ठेवतो.

ज्याची तपासणी नोकरीसाठी होत नाही पण व्हायला हवी अशी एक गोष्ट आहे. तंबाखू सुकवताना आणि आंबवताना निकोटिन व त्याच्या भावंडांपासून नायट्रोसामाइन बनतात. त्यांतली एनएनके आणि एनएनएन ही दोन माणसात कर्करोग करणारी म्हणून पहिल्या वर्गात नोंदलेली आहेत. एनएनके अंगात एनएनएएल बनतं, आणि त्याचं अर्धायुष्य तासांत नव्हे, दिवसांत मोजतात, दहा दिवसांच्या पुढे. कोटिनिन आठवड्यात पुसलं जातं. एनएनएएल सोडल्यानंतर कित्येक आठवडे लघवीत सापडत राहतं. निकोटिन माणसाला बांधून ठेवतं, घात करतात ते हे सोबती. गमवर निर्धास्त राहा असं म्हणतो ते याच कारणाने.

ते गम चावण्याची रीत मात्र बदला. ते च्युइंग गमसारखं चघळायचं नसतं. दहा-पंधरा वेळा सावकाश चावा, मिरमिरलं की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये मिनिटभर दाबून धरा, मिरमिर गेली की पुन्हा चावा, जागा बदला. अर्ध्या तासात एक गम संपतं. लाळ शक्यतो लगेच गिळू नका. गममध्ये कार्बोनेट घातलेलं असतं. ते चुन्याचंच सौम्य काम करतं, तोंडाचा सामू वर नेतं. आता त्यावर सोलकढी, कोकम सरबत, कॉफी किंवा कोल्ड्रिंक घेतलं की सामू धाडकन खाली येतो आणि निकोटिन गालातून न शिरता पोटात जातं. ‘गमने काही होत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं गम जेवणातल्या सोलकढीने मारलेलं असतं. आंबट पेय आणि गम यांत पंधरा मिनिटांचं अंतर ठेवा. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात तंबाखू लागायची असेल तर २ मिलिग्रॅम कमी पडेल. ४ मिलिग्रॅमचं डॉक्टरला विचारा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी, तलफ यायची वाट न बघता.

पॅचचं एक वाक्यात: पातळी संथ आणि सपाट राहते, पण चढायला काही तास लागतात, म्हणून अचानक आलेल्या तलफेला सोबत गम हवंच. घामाने तो सुटतो. आंघोळीनंतर दंड पूर्ण कोरडा करून लावा, दहा सेकंद तळव्याने दाबा, रोज जागा बदला. भर उन्हात काम असेल तर कपड्याखाली ठेवा, कारण त्वचा तापली की शोषण वाढतं आणि मळमळ, धडधड सुरू होते. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढा.

वडिलांचा प्रश्न तुमच्यापेक्षा गंभीर आहे. विडीच्या धुरातली डांबरी संयुगं यकृतातलं सीवायपी-१-ए-२ हे दुसरं एन्झाइम फुगवतात. हे काम धुराचं, निकोटिनचं नव्हे. त्यामुळे तुम्ही तंबाखू सोडल्याने काही बदलत नाही, वडिलांनी विडी सोडली की बदलतं. थिओफायलिन याच एन्झाइमने मोडलं जातं. विडी ओढणाऱ्याला म्हणून मात्रा चढी लागते. विडी थांबली की दोन-चार दिवसांत एन्झाइम खाली येतं आणि आठवड्यात नेहमीच्या पातळीवर स्थिरावतं. गोळी तेवढीच, मोडणारा कमी, आणि रक्तातली पातळी चढते. मळमळ, उलटी, हात थरथरणं, छातीत धडधड, पुढे झटकेसुद्धा. घरातले मग म्हणतात, विडी सोडल्यापासून बाबांना सोसेना, आणि कोणीतरी विडी पुन्हा हातात देतं. सोडण्याची तारीख आधी डॉक्टरला सांगा. मात्रा साधारण पाव ते एक तृतीयांश कमी करून रक्तातली पातळी तपासतात. निकोटिन गम किंवा पॅच घेतल्याने हा परिणाम टळत नाही. मनोविकारावरच्या क्लोझापिन आणि ओलान्झापिनलाही हेच लागू. आणि चहा-कॉफी निम्मी करा, कारण कॅफिनही तिथेच मोडतं. सोडल्यानंतरची पुष्कळशी बेचैनी तलफेची नसून दुप्पट झालेल्या कॅफिनची असते.

वहिनीने पाजणं थांबवू नये. मशेरी थांबवावी. तोपर्यंतची व्यवस्था अशी: निकोटिन दुधात रक्ताच्या जवळजवळ तिप्पट जातं, पण दुधातूनही ते दीड-दोन तासांत निम्मं होतं. म्हणून लावायचीच झाली तर पाजून झाल्यावर लगेच, पाजण्याआधी नव्हे, आणि पुढच्या पाजण्यात दोन-तीन तासांचं अंतर. दूध पिळून टाकून काही साधत नाही, निकोटिन रक्त आणि दूध यांत ये-जा करत असतं. रक्तातलं उतरलं की दुधातलंही उतरतं. नवजात बाळात निकोटिनचं अर्धायुष्य मोठ्यांच्या कित्येक पट, सुमारे ११ तास, असतं. पाच महिन्यांपर्यंत यकृत बरंच सावरलेलं असलं तरी बाळ चिडचिडं असेल, झोपत नसेल, तर आधी मशेरीच्या वेळा तपासा. ‘दात साफ करते, खात नाही’ हा युक्तिवाद रसायनशास्त्राला मान्य नाही. हिरडीवर दहा मिनिटं चोळलेली मशेरी म्हणजे गालात धरलेली तंबाखूच.

आणि तुमचं गमचं पाकीट, जुनी डबी, मशेरीची बाटली, सगळं उंचावर उचलून ठेवा. दोन महिन्यांत बाळ रांगायला लागेल. त्याने तंबाखू तोंडात घातली तर लाळ गळणं, पांढरं पडणं आणि उलट्या अर्ध्या ते दीड तासात सुरू होतात. ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, मीठ-पाणी पाजू नका. तोंडातलं बोटाने काढा, ओल्या फडक्याने पुसा, उरलेलं पाकीट बरोबर घ्या आणि १०८ ला फोन करा.